नमस्कार, कडूबाई!

शनिवारी सकाळी सहा वाजता सत्यशीलाबाई गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून उभ्या होत्या. टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी होतं आणि त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. चेहरा काही प्रसन्न नव्हता. दुसऱ्या दिवशी नातीचं नामकरण होतं. सुनेच्या माहेरची ऐंशी माणसं पाचोडहून टेम्पो करून येणार होती, हे घर पहिल्यांदाच बघणार होती, आणि सत्यशीलाबाईंनी गेल्याच महिन्यात विहीणबाईंना फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमच्याकडं काय, नळ फिरवला की पाणी."

हे खोटं नव्हतं. नळ फिरवण्याचा दिवस आठवड्यातून एकदाच येतो, एवढंच सांगायचं राहिलं होतं. शहराच्या टोकाला, हर्सूलच्या अंगाला असलेल्या मैत्रीबन कॉलनीत दर शनिवारी साडेसहा ते साडेदहा पाणी सुटायचं. पाच गल्ल्या, पाच व्हॉल्व्ह, प्रत्येक गल्लीला पाऊण तास. टँकर मागवायची सोय नव्हती, कारण गल्लीच्या तोंडाशी नव्या पाइपलाइनसाठी खणलेला खड्डा होता आणि तो बुजवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

"करुणा," सत्यशीलाबाई टाकीतूनच बोलल्या, त्यामुळं आवाज चांगलाच घुमला, "आज पाणी आलं नाय, तर मी पाचोडवाल्यांना तोंड दाखवायची नाय."

"येतंय गं आई. साडेनऊला आपली पाळी. आता तर ॲपच केलंय ना मी," करुणा म्हणाली.

करुणा सिडकोतल्या एका लहानशा कंपनीत वेबसाइट बनवायची. कॉलनीसाठी तिनं हे ॲप फुकटात करून दिलं होतं, आणि त्याला कारण होते पुंडलिक मामा. पुंडलिक मामा बावीस वर्षं लोखंडी चावीनं कॉलनीचे व्हॉल्व्ह उघडत होते आणि बावीस वर्षं शिव्या खात होते. दुसऱ्या गल्लीत त्यांना आल्याचा चहा मिळतो म्हणून तिथं पाणी जास्त सुटतं, असं बाकीच्या चारही गल्ल्यांचं ठाम मत होतं. शेवटी कॉलनीचे अध्यक्ष सर्जेराव यांनी ठराव केला. सर्जेरावांचं आयुष्य एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये गेलेलं, त्यामुळं ठराव वेळापत्रकासारखाच निघाला: पुंडलिक यांनी यापुढे फक्त फोन बघून व्हॉल्व्ह उघडावा, तोंडी कुणाचंही ऐकू नये. पुंडलिक मामांनी त्यावर अशी सही केली, की जणू जन्मठेपेतून सुटकेचा कागद हाती आला.

ॲप साधंच होतं. आपला मोबाइल नंबर टाकायचा, की आपलं नाव, आपली गल्ली, आपली पाळी समोर. पण ॲपच्या प्रत्येक पानाला त्याच त्या गोष्टी लागायच्या: कॉलनीचं नाव काय, तारीख काय, बघणारं माणूस कोण, त्याची गल्ली कोणती. प्रत्येक पानानं हे वेगवेगळं कशाला शोधायचं? म्हणून करुणानं वीस ओळींचा एक छोटासा कोड लिहिला. सगळ्या पानांसाठी एकच सामाईक कपाट. कुठल्याही पानानं हाक मारायची, की कपाटातून हवी ती वस्तू हातात. कोड इतका सुबक झाला होता, की तिनं तो तीनदा नुसता वाचायला म्हणून उघडला. नंबर टाकून बघितला, स्वतःचं नाव आलं. पुन्हा टाकला, पुन्हा आलं. तपासणारी ती एकटीच होती. कपाटात माणूस ठेवायचा खण एकच आहे आणि कॉलनीत घरं एकशे चाळीस आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आपल्या सुबक कामाच्या कौतुकात असलेल्या माणसाच्या ध्यानात असल्या गोष्टी येतही नाहीत.

साडेसहाला सगळ्या कॉलनीनं ॲप उघडलं. सहा पस्तीसला सर्जेरावांचा फोन आला.

"करुणा, हे काय लावलंय? मी फोन उघडला तर म्हणतो, नमस्कार, कडूबाई!"

"असं कसं होईल काका? पुन्हा उघडा बरं."

"चारदा उघडला. चारही वेळा कडूबाई. तीस वर्षं केबिनमध्ये बसलो मी, पब्लिकनं नाय नाय ते म्हणलं, पण कडूबाई कुणी म्हणलं नव्हतं."

कडूबाई तिसऱ्या गल्लीत राहायच्या. वय पासष्ट, आणि फोन ही दाराच्या बेलसारखी वस्तू आहे, आतून कुणी ओ देईपर्यंत दाबत राहायची, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळं त्या नंबर टाकायच्या, नाव यायचं, तरी पुन्हा टाकायच्या. जो शेवटी नंबर टाकील तो कपाटातल्या एकुलत्या एका खणात जाऊन बसायचा, आधीचा बाहेर पडायचा. आणि शेवटी नंबर टाकणाऱ्या नेहमी कडूबाईच असायच्या. पावणेसातपर्यंत मैत्रीबन कॉलनीतले एकशे चाळीस उंबरे कडूबाई झाले होते.

नुसत्या नावानं कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पुंडलिक मामांचं पानही त्याच कपाटातून गल्ली घेत होतं. पहिली पाळी पहिल्या गल्लीची असताना मामा चावी घेऊन तिसऱ्या गल्लीत गेले आणि त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या गल्लीतल्या बाया धावत आल्या.

"मामा, आमची पाळी हाय!"

"असंल," मामा शांतपणे म्हणाले. "फोन म्हणतो तीन."

कडूबाईंच्या नळाला धो धो पाणी आलं. त्यांनी हंडा लावला आणि मग विचार केला. ही बाई चौथी शिकलेली, पण शहरातल्या कुठल्याही इंजिनिअरच्या आधी तिला बिघाड कळला. नंबर टाकला की पाणी येतं. हे गुपित त्यांनी फक्त पहिल्या गल्लीतल्या मावसबहिणीला सांगितलं, तेही "कुणाला बोलू नको" असं बजावून. त्यामुळं सव्वासातला ते पाचही गल्ल्यांना माहीत होतं.

मग मात्र कॉलनीला जोर चढला. पहिल्या गल्लीनं नंबर टाकला, मामांच्या फोनवर एक आलं. त्यांनी तिसरा व्हॉल्व्ह बंद केला आणि सायकल पहिल्या गल्लीकडं वळवली. तिथं पोचून चावी लावेपर्यंत चौथ्या गल्लीनं नंबर टाकला. मामा चौथीकडं निघाले. वाटेत दोन आलं. वळले. पुन्हा तीन. चौथ्या गल्लीत सहा बाया ओट्यावर फोन घेऊन ओळीनं बसल्या आणि भजनाच्या तालावर आळीपाळीनं नंबर दाबू लागल्या. पहिल्या गल्लीतल्या पुरुषांनी त्यावर उपाय म्हणून दोन्ही हातांनी फोन चालवायला सुरुवात केली. पाणी मोठ्या लाइनीत वाट बघत उभं होतं आणि मामा कॉलनीला प्रदक्षिणा घालत होते.

"मामा, थांबा की एका जागी!" करुणा गॅलरीतून ओरडली.

"तोंडी ऐकायची मनाई हाय मला," मामा सायकलवरून म्हणाले आणि पुढं गेले.

इकडं तक्रारींचं पान भरत चाललं होतं. त्रेसष्ट तक्रारी आल्या होत्या आणि त्रेसष्टही तक्रारदारांच्या जागी नाव होतं कडूबाईंचं. पुंडलिकवर तक्रार, अध्यक्षांवर तक्रार, पाचही गल्ल्यांवर तक्रार. त्यात एक अशीही होती: 'गल्ली तीनमधल्या कडूबाई हातातला फोन खाली ठेवत नाहीत, बंदोबस्त करावा.' सर्जेरावांनी ती दोनदा वाचली आणि करुणाला फोन केला.

"बाईनं स्वतःवरच तक्रार केलीय. अशी तक्रार बावीस वर्षांत आली नाय. हिला नोटीस द्यावी का सत्कार करावा, तेवढं सांग."

करुणाला उत्तर द्यायला सवड नव्हती. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन स्वतःचाच कोड वाचत होती आणि आज तो तिला मुळीच सुबक वाटत नव्हता. साडेआठला चूक सापडली. प्रत्येक माणसाला स्वतःचा खण द्यायला हवा होता. म्हणजे कपाटाला हाक मारणारी सगळीच पानं बदलायची. तीन-चार तासांचं काम, आणि पाणी जायला दोन तास उरलेले.

"झालं का?" सत्यशीलाबाईंनी दारातून विचारलं.

"व्हायलंय."

"ऐंशी माणसं हायेत, करुणा. पाचोडची हायेत. हात धुवायला पाणी नाय म्हणल्यावर जल्मभर बोलतील. सुनंला बोलतील, मला बोलतील, त्या लेकराला बी बोलतील."

नऊच्या सुमाराला दुसऱ्या गल्लीतले भिकनराव मधे आले. मधे आले म्हणजे ते कॉलनीत नव्हतेच, तीच तर अडचण झाली. भिकनराव सकाळीच बायकोमुलांना घेऊन खुलताबादला पाहुण्यांकडं गेले होते. माणूस अत्यंत सालस. आपल्या वाटचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिथून ॲप उघडलं, नंबर टाकला आणि 'आम्ही गावाला गेलो आहोत, पाणी नको' हे बटण दाबलं. मग समाधानानं भज्यांची बशी पुढं ओढली.

सामाईक कपाटात 'पाणी नको' जाऊन बसलं. मैत्रीबन कॉलनीतल्या प्रत्येक फोनवर अक्षरं उमटली: नमस्कार, भिकनराव! तुम्ही गावाला गेला आहात. सुखरूप परत या.

पुंडलिक मामांनी ते वाचलं, पाचही व्हॉल्व्ह बंद केले, सायकल स्टँडला लावली आणि चौकातल्या कट्ट्यावर बसून घाम पुसला. घटकाभरात सगळी कॉलनी रिकाम्या भांड्यांसकट त्यांच्याभोवती जमली.

"मामा, व्हॉल उघडा!" कडूबाई म्हणाल्या.

"कुणासाठी? कॉलनीत कुणी नाय. सगळे गावाला गेलेत."

"आरं, मी तुझ्या म्होरं उभी हाय ना!"

मामांनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "दिसायलीस," ते म्हणाले, "पर लेखी नायस."

सर्जेराव पुढं झाले. "पुंडलिक, मी अध्यक्ष सांगतो तुला."

"तुमची बी सही हाय, साहेब, त्या ठरावावर. तोंडी कुणाचंही. कुणाचंही म्हणल्यावर त्यात तुम्ही आलेच."

सर्जेरावांना स्वतःच्या वेळापत्रकाचा पहिल्यांदाच राग आला. लोकांनी पुन्हा धडाधड नंबर टाकले, नावं बदलली, गल्ल्या बदलल्या, पण 'पाणी नको' आपल्या जागेवरून हललं नाही. कारण 'पाणी हवं' असं बटणच ॲपमध्ये नव्हतं. या शहरात असं बटण कुणाला लागेल, हे करुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

साडेनऊ वाजले. आता जे करायचं ते करुणालाच लॅपटॉपवरून करायचं होतं. तिनं कपाट उघडून 'पाणी नको' पुसलं. मग गल्लीच्या खणात आकडा घालायची वेळ आली. घड्याळाप्रमाणं पाळी पाचवीची होती, म्हणजे पाच घालण्यात पाप नव्हतं. पण पहिल्या चार गल्ल्यांना धड हंडाभर पाणी मिळालं नव्हतं, हेही खरं होतं. तिनं दाराकडं बघितलं. आई उंबऱ्यावर बसून पत्रावळ्या मोजत होती आणि मधेच मोजायचं विसरत होती. करुणानं पाच घातला. पुढं स्वतःचंच घर घातलं, अकरा. आईचं नाव घातलं. आणि कुणाला बदलता येऊ नये म्हणून खणाला कुलूप लावून टाकलं. त्या घाईत तिला लाज वाटली नाही. लाज पंधरा मिनिटांनी वाटायची होती.

मामा उठले, पाचव्या गल्लीत आले, चावी फिरवली. सत्यशीलाबाईंच्या खालच्या नळानं दोनदा खाकरून पाणी सोडलं. त्यांनी घाईघाईनं मोटारीची नळी लावली. "आलं गं बाई!" त्या ओरडल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं.

इतक्यात दारात कडूबाई उभ्या राहिल्या. कमरेवर हंडा, हातात फोन.

"सरका जरा, मला आत येऊ द्या."

"का हो, कडूबाई?"

"मी हितं राहते." कडूबाईंनी फोन पुढं केला. त्यावर लिहिलं होतं: नमस्कार, सत्यशीलाबाई! गल्ली पाच, घर अकरा. तुमच्या घरी पाणी सुरू आहे. "सकाळधरनं मी कडूबाई होते, मग भिकनराव झाले, आता सत्यशीलाबाई हाय. घरला आले, एवढंच."

त्यांच्या मागं चौथ्या गल्लीतल्या सहा बाया होत्या. त्याही सत्यशीलाबाई होत्या. त्यांच्या मागं पहिली गल्ली. आणि सगळ्यांच्या मागं बादली घेऊन, मान जरा खाली घालून, सर्जेराव उभे होते.

"काका, तुम्हीपण?" करुणानं विचारलं.

"माझ्या फोनवर बी हेच घर हाय," सर्जेराव म्हणाले. "ठराव मीच केलाय. फोनच्या बाहेर मला जाता येत नाय."

सकाळपासून एकशे चाळीस घरं फोन सांगेल तसं वागायला शिकली होती, आणि आता फोन सगळ्यांना एकाच दारात पाठवत होता. करुणा आत पळाली, पण कुलूप उघडायच्या गडबडीत तिच्या हातून ते आणखी एकदा बसलं. बाहेर येऊन बघते तर आईनं मोटारीची नळी काढून ठेवली होती.

"आई, काय करायलीस? टाकी भरायचीय!"

"दारात आलेल्याला परत पाठवू का मी?" सत्यशीलाबाईंनी पदर खोचला. "आणा हो हंडे. एकेक."

अंगणात भांड्यांचा डोंगर झाला. सत्यशीलाबाई एकेक भांडं नळाखाली धरायच्या, भरलं की काठावर घातलेलं नाव वाचायच्या आणि हाक मारायच्या. दीडशे भांड्यांत एकही चुकीच्या हाती गेलं नाही. भांडं देताना वर म्हणायच्या, "उद्या नातीचं नामकरण हाय, जेवायलाच या सगळी." अंगणात आलेल्याला आमंत्रण न देता पाठवणं त्यांच्यात बसत नव्हतं. करुणा पायरीवर बसून ते बघत होती. ज्याचं त्याचं भांडं, ज्याचं त्याचं नाव. हे तिला लहानपणापासून दिसत होतं आणि कोड लिहिताना नेमकं आठवलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

साडेदहाला नळ फुसफुसला आणि थांबला. टाकीत तेच चार बोटं पाणी होतं. पाहुणे मात्र ऐंशीचे सहाशे झाले होते.

"आई, मीच कुलूप लावलं होतं," करुणा म्हणाली. "आपल्याला पाणी मिळावं म्हणून."

सत्यशीलाबाईंनी तिच्याकडं बघितलं. "मिळालं का?" एवढंच विचारलं आणि पुन्हा पत्रावळ्या मोजायला बसल्या.

दुपारभर बसून करुणानं सगळी पानं बदलली. प्रत्येकाला स्वतःचा खण, प्रत्येकाच्या खणावर स्वतःचं नाव. दादाला आणि वहिनीला घेऊन तिनं वेगवेगळ्या तीन फोनवरून तपासलं. कडूबाई कडूबाईच राहिल्या, भिकनराव गावालाच राहिले.

रविवारी सकाळी पाचोडचा टेम्पो यायच्या आधी कडूबाई आल्या. डोक्यावर भरलेला हंडा. "काल तुमची टाकी आमच्यामुळंच रिकामी राहिली. रिकाम्या हातानं कसं यावं?" त्यांनी हंडा अंगणातल्या खालच्या टाकीत ओतला. मागून चौथी गल्ली आली, तीही कळशा घेऊन. हे फक्त आपल्यालाच सुचलं, असं प्रत्येक घराला वाटत होतं. त्यामुळं प्रत्येक घरानं लपवून ठेवलेलं, पुरवून ठेवलेलं, पिंपाच्या तळाशी राखलेलं पाणीसुद्धा आणलं. खालची टाकी भरली, वरची भरली, शेजाऱ्याचे चार ड्रम भरले, पातेली भरली. विहीणबाई हात धुवायला गेल्या आणि तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या.

"काय वो हे पाणी! बाई, शहरात लई सुख हाय."

"आमच्याकडं काय," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "नळ फिरवला की पाणी." नामकरण झालं, सहाशे माणसं जेवली, पाचोडची मंडळी तृप्त होऊन टेम्पोत चढली, आणि दमलेल्या सत्यशीलाबाई त्या दिवशी फार सुखानं झोपल्या.

सोमवारी सकाळी त्या चहाचं पातेलं घेऊन खाली आल्या, तर अंगणात माणसांची रांग. सबंध मैत्रीबन कॉलनीत पाण्याचा थेंब नव्हता. होतं ते सगळं अकरा नंबरच्या टाकीत, आणि शनिवारला पाच दिवस होते. टाकीच्या नळापाशी स्टुलावर पुंडलिक मामा बसले होते. एका हातात लोखंडी चावी, जिचा तिथं काहीएक उपयोग नव्हता, आणि दुसऱ्या हातात फोन.

"पुंडलिक भाऊ, सरका जरा. चहाला पाणी घेते."

मामांनी फोन बघितला. "ताई, काल सांजच्याला तातडीची सभा झाली. तुमची टाकी अध्यक्षसाहेबांनी फोनात घातली, सहावी गल्ली म्हणून. ठराव झालाय. तुमची पाळी गुरुवारी."

"अवो, टाकी मव्ही हाय!"

"व्हय, तसं लिवलंय की हितं. टाकी तुमची. पाळी गुरुवारची."

"करुणा!" सत्यशीलाबाईंनी हाक मारली. करुणा धावत खाली आली, मामांच्या हातून फोन घेतला आणि नीट तपासला. त्यातली आईची नोंद काढली: सत्यशीलाबाई. नाव बरोबर. गल्ली बरोबर, घर बरोबर. एकशे चाळीस घरांच्या पाळ्या उलटसुलट करून बघितल्या. कुठंही काडीची चूक नव्हती.

"बरोबर आहे गं आई," ती म्हणाली. आईच्या हातातलं पातेलं तिनं घेतलं आणि आज कुणाची पाळी आहे, एक वाटी पाणी कुणाकडं मागता येईल, हे बघायला ती रांगेच्या दुसऱ्या टोकाकडं निघाली.